नोकरी गेली म्हणून क्षेत्रही बदलायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३६. एका सर्व्हिस कंपनीत विम्याचे क्लेम प्रोसेस करणाऱ्या टीमचे लीड, एकाच ठिकाणी १३ वर्षं. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, अर्धं काम सॉफ्टवेअरकडे गेलं, उरलेलं दुसऱ्या शहरातल्या टीमकडे, आणि यांचं डिपार्टमेंटच बंद झालं. त्याला आता दोन महिने झाले. जाताना पाच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम हातात आली. पत्नी नोकरी करतात, मुलगी सहा वर्षांची आहे, घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. आई-वडील सोबत राहतात पण त्यांना अजून सांगितलेलं नाही, रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळपर्यंत लायब्ररीत बसतात. ते लिहितात, "१३ वर्षं वाया गेली असं वाटतं. नवीन पोरांना ट्रेनिंग द्यायचो तेवढं सोडलं तर त्या कामात काही राम नव्हता. आता यूएक्स डिझाइनचा, म्हणजे अॅप-वेबसाइट वापरणाऱ्याला सोप्या जातील अशा मांडायच्या कामाचा, अकरा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स बघितलाय, फी भरपूर आहे पण नोकरीची गॅरंटी देतात आणि या महिन्यात भरली तर सवलत आहे. मित्र म्हणतात डेटा अ‍ॅनालिटिक्स कर. जवळचे पैसे अजून तीनच महिने पुरतील. ३६ व्या वर्षी फ्रेशर म्हणून सुरुवात करावी का, की आता उशीर झाला?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं दिसतंय. नाही, उशीर झालेला नाही. तुम्ही ६० व्या वर्षी थांबलात तरी अजून २४ वर्षं काम करायचंय, आणि आत्तापर्यंत केलंय १३ वर्षं, म्हणजे पुढचा रस्ता मागच्यापेक्षा बराच लांब आहे. पण उशीर झाला नाही याचा अर्थ याच महिन्यात उडी मारायची असाही होत नाही, आणि पत्र वाचताना मला काळजी वाटली ती याच गोष्टीची.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेत की तुम्हाला तो एकच प्रश्न वाटतोय. पहिला प्रश्न, नोकरी गेली त्याचं काय करायचं, म्हणजे पैसे, घरच्यांना सांगणं, रोजचा दिवस, आतून जे काही हललंय ते. दुसरा प्रश्न, पुढची वीसेक वर्षं कुठलं काम करायचं. पहिला तातडीचा आहे, दुसरा नाही. आणि होतं काय, की पहिल्याचा त्रास इतका असतो की माणूस दुसऱ्याचं उत्तर घाईघाईत देऊन टाकतो, कारण "मी आता अमुक शिकतोय" असं म्हणता आलं की निदान "सध्या काय करतोस" या प्रश्नाला तोंड देता येतं. तुमच्या बाबतीत असंच होतंय असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण एक गोष्ट खटकली ती सांगते. यूएक्स डिझाइनबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात फी आहे, अकरा महिने आहेत, गॅरंटी आहे, सवलत आहे, पण ते काम करायला मला का आवडेल याबद्दल एक अक्षर नाही. दिवसभर बसून लोकांचे इंटरव्ह्यू घेणं, स्क्रीनचे आराखडे दहा वेळा बदलणं, डेव्हलपरशी वाद घालणं, हे सगळं तुम्हाला हवंय की नाही हे पत्रातून कळतच नाही.

म्हणून एक करून बघा. समजा उद्या सकाळी जुन्या कंपनीतून फोन आला, झालं गेलं विसरा, तीच पोस्ट, तोच पगार, सोमवारपासून या. हायसं तर वाटेलच, हप्ता आहे म्हटल्यावर कुणालाही वाटेल. पण ते पहिलं हायसं वाटून झालं की पाच मिनिटांनी काय वाटेल? परत तोच क्लेमचा ढीग, तेच सोमवारचं रिव्ह्यू कॉल, हे आठवून छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, तर क्षेत्र बदलायची इच्छा तुमच्यात आधीपासूनच होती, नोकरी जाण्याने फक्त ती वर आली. आणि पाच मिनिटांनीही आनंदच वाटत असेल, तर तुम्हाला आत्ता नवीन क्षेत्र नकोय, नोकरी हवीय, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. बहुतेकांचं उत्तर मधेच कुठेतरी येतं, तुमचंही तसंच येईल, पण ते कुठल्या बाजूला झुकतंय ते स्वतःशी खरं बोलून लिहून ठेवा.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवा असं का म्हणते त्याला एक कारण आहे. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांचा ताण मोजायची एक पट्टी तयार केली होती, जोडीदाराचा मृत्यू १०० धरून बाकीच्या घटनांना गुण. त्यात नोकरीवरून काढलं जाणं ४७ वर आहे, आर्थिक परिस्थिती बदलणं ३८, आणि वेगळ्या प्रकारच्या कामात जाणं ३६. म्हणजे क्षेत्र बदलणं हा स्वतःच एक मोठा भार आहे, चांगला असला तरी भारच. पट्टी जुनी आहे, प्रत्येकाला तंतोतंत लागू पडेल असं नाही, पण पहिले दोन भार तुमच्यावर ऑलरेडी पडलेत आणि तिसरा तुम्ही स्वतःहून याच महिन्यात, फी भरून, वर चढवायला निघालात हे त्यावरून दिसतं. तो घ्या, पण जरा श्वास घेऊन.

आता "१३ वर्षं वाया गेली" याबद्दल. हे वाक्य मला इतक्या पत्रांत भेटतं, आणि प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याच्याच पत्रात त्याचं उत्तर असतं. तुमच्याही आहे. "नवीन पोरांना ट्रेनिंग द्यायचो तेवढं सोडलं तर." हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, सोडून द्यायची गोष्ट म्हणून. पण सगळ्या पत्रात तुम्हाला आवडलेल्या कामाचा उल्लेख फक्त तिथे आहे. मला तुम्हाला भेटून विचारावंसं वाटतं की त्यात नेमकं काय आवडायचं हो? समोरच्याला न कळलेली गोष्ट तिसऱ्या वेळी वेगळ्या पद्धतीने सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळतो ते? की शिकवायच्या निमित्ताने गुंतागुंतीची प्रोसेस सुटसुटीत मांडायला मिळायची ते? की चार माणसांत उठबस व्हायची ते? ही तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या दिशेला जातात. पहिलं असेल तर कंपन्यांमधलं ट्रेनिंग, एल अँड डी (कर्मचाऱ्यांना शिकवणारा कंपनीतला विभाग), कौशल्याचे क्लासेस वगैरे. दुसरं असेल तर प्रोसेस डॉक्युमेंटेशन, बिझनेस अ‍ॅनालिसिस, सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये नवीन ग्राहकाला सिस्टीम समजावून देणारं काम असतं ते. आणि हो, यूएक्सचाही एक भाग यातच येतो, कारण अवघड गोष्ट वापरणाऱ्याला सोपी करून देणं हेच ते काम. तिसरं असेल तर अजून तिसरीकडेच. मी असं म्हणत नाहीये की तुम्ही ट्रेनरच व्हा, मी म्हणतेय की हा धागा तुमच्या हातात आहे आणि तुम्ही त्याच्याकडे न बघता सवलतीची शेवटची तारीख बघताय.

आणि "फ्रेशर" हा शब्द तर डोक्यातून काढूनच टाका. क्लेम तपासायचं काम तेरा वर्षं केलेल्या माणसाला खोटा कागद कसा ओळखायचा ते कळतं, चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलायचं ते कळतं, महिनाअखेरीला टीम ढासळत असताना काम कसं वाटायचं ते कळतं, एखादा नियम कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक कसा चालतो तेही कळतं. हे कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. प्रॉब्लेम एवढाच असतो की आपण ते रेझ्युमेत असं लिहितो, "क्लेम प्रोसेसिंग टीमचे नेतृत्व केले." यातून बाहेरच्या माणसाला काय बोध होणार! त्याऐवजी लिहा की टीममध्ये किती माणसं होती, दिवसाला किती फाइली निघायच्या, नवीन माणूस स्वतंत्रपणे काम करू लागायला आधी किती आठवडे लागायचे आणि तुम्ही ट्रेनिंग हातात घेतल्यावर किती लागायला लागले, चुकीमुळे परत येणाऱ्या फाइलींचं प्रमाण कितीवरून कितीवर आलं. हे आकडे तुमच्याकडेच असतील, नसतील तर जुन्या सहकाऱ्यांना फोन करून आत्ताच जमवा, वर्षभराने ना तुम्हाला आठवतील ना त्यांना. मात्र कंपनीच्या फाइली किंवा ग्राहकांची माहिती सोबत आणू नका, आठवणीतले ढोबळ आकडे पुरतात.

क्षेत्र बदलण्याबाबत माझा एक साधा हिशोब आहे जो मी सगळ्यांना सांगते. नोकरीला दोन बाजू असतात, आपण करतो ते काम आणि ते ज्या उद्योगात करतो तो उद्योग. दोन्ही एकदम बदललं की तुम्ही खरोखरच नवखे ठरता आणि पगारही तसाच मिळतो. एक ठेवून एक बदललं तर जुना अनुभव मोजला जातो. म्हणजे विम्यातच राहून काम बदला, क्लेमऐवजी ट्रेनिंग किंवा क्लेमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्टचं काम. किंवा टीम सांभाळायचं काम तेच ठेवून उद्योग बदला, विम्याऐवजी हॉस्पिटलचं बिलिंग, लॉजिस्टिक्स, काहीही. मग दोन-तीन वर्षांनी दुसरी बाजू बदला. वेळ लागतो याला, पण ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याने असंच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टर, वकील, शिक्षक असं परवान्याचं किंवा पदवीचं काम हवं असेल तर मात्र हा मार्ग चालत नाही, तिथे शिक्षण पूर्ण करावंच लागतं आणि त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन-चार वर्षांची तयारी करावी लागते.

पैशाचं बोलू. तुम्ही लिहिलंय पाच महिन्यांचे मिळाले, दोन झाले, तीन उरले. हा हिशोब चुकतोय, कारण तो तुमच्या पगाराने केलाय, खर्चाने नाही. बायकोचा पगार त्यात कुठे आलाच नाही! समजा घराचा अत्यावश्यक खर्च, हप्ता, शाळा, किराणा, औषधं, विमा सगळं धरून महिन्याला १०० आहे. पत्नीच्या पगारातून ५५ येतात. म्हणजे तूट ४५. तुमचा पगार ८० होता असं धरलं तर पाच महिन्यांचे ४०० मिळाले, दोन महिन्यांत तुटीचे ९० गेले, उरले ३१०, आणि ४५ च्या तुटीने ते जवळपास सात महिने पुरतात. त्यातले दोन महिने आजारपणासाठी म्हणून हातही लावायचा नाही असं ठरवलं तरी पाच महिने राहतात. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, पण आज रात्री दोघांनी बसून हे गणित कागदावर मांडा. कदाचित तीनच महिने निघतील, मग निर्णय वेगळे होतील, पण निदान ते खऱ्या आकड्यावर होतील. याच बैठकीत अजून दोन गोष्टी बघा. एक, कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला का, आणि संपला असेल तर घरचा स्वतःचा विमा लगेच. दोन, कर्ज देणाऱ्या बँकेशी हप्ता थकायच्या आधी बोलायचं, थकल्यावर नाही. आधी गेलेल्याला मुदत वाढवणं, काही महिने हप्ता कमी करणं असे पर्याय मिळायची शक्यता तरी असते, थकल्यावर बोलणी वसुलीच्या माणसाशी होतात. मिळालेल्या रकमेवर कर लागतो का तेही जाणकाराला विचारून ठेवा, सगळी रक्कम आपलीच म्हणून धरून चालू नका.

आता तो कोर्स. मी कोर्सच्या विरोधात अजिबात नाही. पण "नोकरीची गॅरंटी" याचा अर्थ करारात काय लिहिलाय ते वाचलंत का? कुठल्या पगाराची, कुठल्या शहरात, किती महिन्यांत, आणि नाही मिळाली तर सगळी फी परत की काही भाग, आणि परत मिळायला अटी काय, किती अर्ज केले याचा पुरावा, प्रत्येक असाइनमेंट वेळेत दिल्याचा पुरावा. त्यांच्याकडे एकच मागणी करा, एक वर्षापूर्वी कोर्स संपवलेले आणि तेव्हा तिशी ओलांडलेले तीन विद्यार्थी मला फोनवर बोलायला द्या. दिले तर चांगलंच. टाळाटाळ केली तर तेही उत्तरच आहे. आणि त्यापेक्षा महत्त्वाचं, जे लोक या कामासाठी माणसं घेतात अशा दोघांना विचारा की हे सर्टिफिकेट बघून तुम्ही मला इंटरव्ह्यूला बोलवाल का, की माझं केलेलं काम बघाल. मित्रांच्या डेटा अ‍ॅनालिटिक्सलाही हेच सगळं लागू.

तोवर काय करायचं, तर चाखून बघायचं. यूएक्सचं फुकट मिळणारं शिक्षण आठ-दहा तासांचं तरी घ्या, आणि तुम्हाला माहीत असलेला एखादा वैताग आणणारा फॉर्म, क्लेमचाच घ्या ना, तो नव्याने मांडून बघा, मग दोन-चार अनोळखी माणसांना भरायला देऊन ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघा. न बोलता बघायचं, मदत करायची नाही. हे करताना दुपार कधी झाली कळलं नाही असं झालं तर छान. दर वीस मिनिटांनी मोबाईल हातात यायला लागला तर तेही लक्षात घ्या, अकरा महिने फार मोठे असतात. तसंच ट्रेनिंगचं. कुठल्या तरी संस्थेत, ओळखीच्याच्या ऑफिसात, लायब्ररीतच सुद्धा, आठवड्यातून दोन तास कुणाला तरी काहीतरी शिकवा, एक्सेल शिकवा, मुलाखतीची तयारी शिकवा. पगार न घेता महिनाभर. आवड ही घरात बसून विचार करून सापडत नाही, माझा यावर फार विश्वास आहे, ती करताना कळते.

आणि माणसांशी बोला. इथे एक जुना अभ्यास मला नेहमी आठवतो, मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ही नोकरी कळली कुणाकडून. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्याच्याकडून कळलं त्याला नेहमी भेटणारे होते फक्त १७ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेट होणाऱ्या माणसाकडून. विचार केला तर पटतं, कारण जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. तुम्ही आत्ता फक्त जवळच्या मित्रांचं ऐकताय. चार वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेला ज्युनियर, जुन्या व्हेंडरकडची ती मॅडम, कॉलेजातला जो आता भलत्याच क्षेत्रात आहे तो, यांना मेसेज करा. आणि नोकरी मागू नका, समोरचा अवघडतो. असं काहीतरी लिहा:

"नमस्कार, बऱ्याच दिवसांनी मेसेज करतोय. आमचं डिपार्टमेंट बंद झालं त्यामुळे सध्या मी पुढचा विचार करतोय. तुम्ही ट्रेनिंगच्या क्षेत्रात आहात म्हणून तुमच्याकडून रोजचं काम नेमकं कसं असतं ते समजून घ्यायचं होतं. या किंवा पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? सोयीची वेळ सांगा."

बस, एवढंच. फोनवर विचारायचं की गेल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार तुम्ही काय काय केलंत, कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कुठला, माझ्यासारखा अनुभव असलेला माणूस यात कुठून शिरू शकतो, आणि अजून कुणाशी बोलू. तो शेवटचा प्रश्न विसरू नका. अशी आठ-दहा बोलणी झाली की तुमचं अर्धं धुकं गेलेलं असेल.

एक कटू गोष्टही सांगायला हवी, कारण "वेळ घ्या" असं मी म्हणतेय त्याचा भलता अर्थ निघायला नको. नोकरीत किती मोठी गॅप आहे हे कंपन्या बघतात. अमेरिकेत शंभर शहरांमधल्या जाहिरातींना संशोधकांनी काल्पनिक रेझ्युमे पाठवून बघितले होते, २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला, आणि त्यात बेरोजगारीचे महिने जसे वाढले तसे इंटरव्ह्यूचे फोन कमी झाले, मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत. म्हणून हे शोधणं-बोलणं चालू असतानाच जुन्या क्षेत्रातही अर्ज टाकत राहा, सहा महिन्यांचं कंत्राटी काम मिळालं तरी घ्या, अर्धवेळ मिळालं तरी घ्या. तुम्हाला ते मागे जाणं वाटेल. पण घरात पगार येत असताना नवीन काम शिकणारा माणूस आणि शिल्लक आटत असताना शिकणारा माणूस यांच्या शिकण्यात फार फरक पडतो. इंटरव्ह्यूत विचारलं तर दोन वाक्यांत सांगायचं, कंपनी विलीन झाली, आमचं पूर्ण डिपार्टमेंट बंद झालं, त्यानंतरच्या काळात मी हे हे केलं. आवाज खाली न घालता, आणि जुन्या साहेबांना नावं न ठेवता. तुमचं पद गेलंय, तुमचं काम वाईट होतं म्हणून गेलेलं नाही, हे माणसं घेणाऱ्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

राहिले आई-वडील आणि ती लायब्ररी. पत्रातला हा भाग वाचून पोटात तुटलं. १९३० च्या सुमाराला ऑस्ट्रियात मारियेंथाल नावाच्या गावात कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गावच बेकार झालं, तेव्हा मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या रोजच्या जगण्याचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की वाचनालयाची फी माफ झाली, हातात वेळच वेळ होता, तरी लोक पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं न्यायला लागले. रस्त्याने जाणारे पुरुष मधेमधे थांबून राहायचे, चालणंच मंदावलं होतं. दिवसभरात काय केलं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. कामातून पगाराशिवायही बरंच काही मिळत असतं, वेळेचं बंधन, चार माणसं, आपली गरज आहे ही भावना, ते गेलं की माणूस असा विरघळायला लागतो. म्हणून तुम्ही रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडताय, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसताय, हे उत्तम करताय, ते मोडू नका. मोडायचंय ते फक्त लपवणं. कारण त्यात तुमची बायको पण रोज खोटं बोलतेय, मुलगी कधी ना कधी आजीसमोर काहीतरी बोलून जाईल, आणि तुम्हाला घरात आल्यावरही ऑफिसातून आल्याचं नाटक करावं लागतंय म्हणजे दिवसातला एक तासही खरा नाही.

सांगताना पूर्ण योजना तयार असायला हवी असं नाही. बायकोला सोबत घेऊन बसा, संध्याकाळी, टीव्ही बंद करून. "आई, बाबा, आमचं डिपार्टमेंट दोन महिन्यांपूर्वी बंद झालं. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून बोललो नाही. घरखर्चाचा हिशोब आम्ही केलाय, इतके महिने अडचण नाही. मी काम शोधतोय, त्याला वेळ लागेल. मला तुमच्याकडून एवढंच हवंय की रोज विचारू नका, काही झालं की मीच येऊन सांगेन." म्हणून पैशाचं गणित आधी करा म्हटलं, ते हातात असलं की हे बोलणं सोपं जातं. रडतील, रागावतील, दुखावतील, लपवलंत म्हणून जास्त. होऊ दे. मुलीलाही तिच्या भाषेत सांगा की बाबांचं ऑफिस बंद झालं, बाबा नवीन काम शोधतायत, आपण सगळे ठीक आहोत.

आणि रोज वीस मिनिटं लिहा, चार-पाच दिवस तरी. नोकरी कशी गेली, त्या दिवशी मीटिंगमध्ये काय झालं, कुणाचा राग येतो, कशाची लाज वाटते, सगळं, कुणालाही न दाखवता. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात नोकरी गेलेल्या ६३ प्रोफेशनल लोकांपैकी काहींना असं मनातलं लिहायला लावलं होतं, त्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. त्यांनी शोधण्याचा जोर वाढवला म्हणून नाही, त्यांचा जुन्या नोकरीकडे आणि नव्या शोधाकडे बघायचा सूर बदलला म्हणून, असं अभ्यास करणाऱ्यांना वाटलं. झोपच येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले असतील, तर मात्र लिहिण्यावर थांबू नका, त्याच दिवशी बायकोला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

अशाच परिस्थितीतल्या बाकी वाचकांसाठी एक-दोन गोष्टी. घरात दुसरा पगार नसेल तर तुमच्यासाठी क्रम बदलतो, आधी मिळेल ते सन्मानाचं काम आणि क्षेत्र बदलायचे प्रयोग संध्याकाळी, शनिवार-रविवारी. मुलं लहान असलेल्या बायकांना नोकरी गेल्यावर "आता घरीच राहा, बरंच झालं" असं सगळे सुचवतात, ते तुमचा निर्णय असेल तरच घ्या, इतरांच्या सोयीसाठी नको. आणि जे अजून नोकरीत आहेत पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते ज्यांना कळतंय, त्यांनी ती वीस मिनिटांची बोलणी आत्ताच सुरू करावीत, नोकरीत असताना लोक जास्त मोकळेपणी बोलतात.

तुमच्याकडे परत येते. या महिन्यात ती फी भरू नका, सवलत गेली तर जाऊ दे. या आठवड्यात घरचा हिशोब आणि आई-बाबांशी बोलणं, पुढच्या सहा आठवड्यांत आठ-दहा फोन, एक फॉर्म नव्याने मांडून बघणं, आठवड्याला दोन तास शिकवणं, आणि सोबत जुन्या क्षेत्रात अर्ज. एवढं सगळं करून झाल्यावरही यूएक्सच डोक्यात असेल, कामाची चव घेऊन ते हवंहवंसं वाटत असेल आणि हिशोबात फी बसत असेल, तर भरा पैसे, आणि तेव्हा मनात किंतु न ठेवता भरा.